सावलीच्या मागावर

बालमित्रांनो, भरदिवसा चांदणी बघायला तुम्ही किती लांब जाल? काही माणसं त्यासाठी चक्क सातासमुद्रापार जातात! त्यांना खग्रास सूर्यग्रहणाचं वेड असतं.

घरबसल्या का नाही दिसत हे? कारण चंद्राची गडद सावली जमिनीवर जेमतेम शे-दोनशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून सरकते. एकाच गावावर ती पुन्हा यायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात. मग आपणच तिला गाठायचं!

एकदा जग आपल्याकडे आलं होतं, बरं का! २२ जानेवारी १८९८ रोजी ही सावली सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तिथे दुर्बिणी घेऊन आले. पुण्याहून प्राध्यापक कावसजी नायगमवाला आले. एवढी धडपड कशासाठी? तर दोनेक मिनिटांच्या अंधारासाठी!

पण नुसतं पोहोचून भागत नाही. २२ जुलै २००९ ला बिहारमधल्या तारेगना गावी हजारो लोक जमले. आर्यभटाशी नाव जोडलेलं हे गाव, पण ऐन वेळी ढग आले! अंधार झाला, सूर्य मात्र दिसलाच नाही. त्याच सकाळी वाराणसीच्या घाटांवर ढग बाजूला झाले आणि लोकांनी ग्रहण डोळे भरून पाहिलं.

म्हणून अनुभवी मंडळी आधी आकाशाचा अभ्यास करतात. २ ऑगस्ट २०२७ च्या ग्रहणासाठी अनेकांचा डोळा इजिप्तमधल्या लक्सरवर आहे. ऊन रणरणतं, पण पाऊस जवळजवळ नाहीच. भर दुपारी तिथल्या प्राचीन देवळांवर सहा मिनिटांहून जास्त वेळ अंधार पसरेल. त्या दिवशी मुंबईहूनही खंडग्रास ग्रहण आहे, पण आपल्याकडे तेव्हा पावसाळा!

आता सगळ्यात महत्त्वाचं. सूर्याची बारीकशी कोर उरली तरी तो खास ग्रहणचष्म्यातूनच बघायचा. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल, काही म्हणजे काही चालणार नाही. डोळ्यातल्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही! चष्मा घालून दुर्बिणीला डोळा लावणं तर फारच धोक्याचं. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावरच सूर्यासाठीची गाळणी हवी.

सूर्य पूर्ण झाकला, की मगच चष्मा काढायचा. काळ्या तबकडीभोवती मोतिया रंगाचा प्रभामंडल फुलतो, शुक्र चमकू लागतो, पाखरं गोंधळतात. मग कडेला हिऱ्याच्या अंगठीसारखा ठिपका लखलखतो. झालं! चष्मा पुन्हा डोळ्यांवर. ‘आणखी एकच क्षण’ हा मोह नको. पुढची ग्रहणं बघायला डोळे शाबूत हवेत ना?

आणि हो, २० मार्च २०३४ ला ही सावली आपल्या लडाखवरून जाणार आहे. तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल? करा बरं हिशेब!