वहींतील एक आंकडा

मी गच्चीवरून खालीं आलों, कीं आमची सौ. हटकून विचारते, "काय, उधळला का आज तो तुमचा?" तिचा रोख हंस तारकासमूहांतील एका अंधुक ताऱ्याकडे असतो. नकाशांत त्याचें नांव एस्. एस्. सिग्नी. १८९६ सालीं हार्वर्ड वेधशाळेंतील लुइझा वेल्स या बाईंना तो सांपडला. एरवीं तो बाराव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणें अशक्यच. परंतु साधारणतः दर सात-आठ आठवड्यांनीं एखाद-दुसऱ्या दिवसांत तो चाळीसपट तेजस्वी होऊन आठव्या प्रतीला जातो. नेमका कोणत्या रात्रीं, हें मात्र कोणींच सांगूं शकत नाहीं.

वास्तविक हा तारा एकटा नव्हे, जोडपें आहे. साडेसहा तासांच्या आसपास दोघांची एक प्रदक्षिणा होते. एक श्वेतबटू: जेमतेम पृथ्वीएवढें शरीर, वजन मात्र सूर्याच्या पंगतीला बसण्याजोगें. दुसरा सूर्याहून थंड; त्याच्या अंगावरील वायु हा बटू अखंड ओढून घेत असतो. तो वायु सरळ खालीं पडत नाहीं. गरगरत त्याची एक चकती बनते. चकतींत माल सांचत जातो, ती तापते, हायड्रोजनचे अणु फुटूं लागतात, घर्षण वाढतें आणि सांचलेला वायु एकदम बटूकडे धांवतो. तोच तो उधळण्याचा क्षण. हें सारें ऐकून सौ. म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याचें ओढायचें आणि आपण चमकायचें!" यापेक्षां थोडक्यांत मला तें सांगतां आलें नसतें.

मजपाशीं आठ इंची आरशाची दुर्बीण आहे. ताऱ्याच्या किंचित् बाजूला नजर ठेवायची, शेजारच्या ठाऊक प्रतीच्या ताऱ्यांशीं ताडून पाहायचें आणि आंकडा लिहायचा. काम सोपें, पण एकदां मीं त्यांतही लबाडी केली. त्या रात्रीं भाचा मित्रांना घेऊन आला होता. "आज बहुधा गंमत दिसेल," असें मीं जेवतांनाच ऐटींत सांगून ठेवलें होतें. दुर्बिणीला डोळा लावला. तारा किंचित् उजळ वाटला. वाटला, कीं मला वाटायला हवा होता? मीं ११.२ लिहिलें, मुलांनीं माना डोलावल्या, आणि तो आंकडा मीं निरीक्षकांच्या संस्थेकडे धाडूनही दिला. दुसऱ्या रात्रीं तारा मुकाट्यानें बाराव्या प्रतीवर बसलेला. आणि आदल्या रात्रींचे इतरांचे आंकडेही तेंच सांगत होते.

एका आंकड्यानें काय बिघडतें? मीही मनाची अशीच समजूत घातली असती. पण या ताऱ्याचाच इतिहास आड आला. १९९९ सालीं हबल दुर्बिणीच्या मोजणीनें त्याचें अंतर ५०० हून अधिक प्रकाशवर्षें ठरलें. इतक्या दूरच्या ताऱ्याचें मूळ तेज फारच मोठें धरावें लागे. मग चकतींत येणारा वायुही इतका, कीं ती सदा तापलेलीच राहावी, शांत व्हायचें तिला कारणच नाहीं! सगळी उपपत्तीच धोक्यांत आली. पुढें रेडिओ दुर्बिणींनीं अंतर पुन्हां मोजलें. २०१३ सालीं तें ३७० प्रकाशवर्षांच्या जवळपास निघालें आणि उपपत्ति तरली. मौज ही, कीं रेडिओ लहरींत हा तारा उधळलेला असतांनाच दिसतो. म्हणून त्या प्रचंड यंत्रांना "आतां पाहा" असा निरोप गच्च्यांवरच्या आणि परसांतल्या हौशी निरीक्षकांनीं दिला होता. त्यांत माझा कांहीं वांटा नव्हता. पण माझ्यासारखा निरोप्या त्या वेळीं मध्यें असता तर!

मीं तो आंकडा खोडला नाहीं. वर एक रेघ मारून बाजूला "चूक" असें लिहिलें आणि संस्थेलाही तसें कळविलें. भाच्याला सांगायला मात्र पंधरा दिवस लागले.

हल्लीं शहराच्या दिव्यांपुढें बारावी प्रत माझ्या गच्चीवरून दिसत नाहीं. काल रात्रीं तासभर मान वांकडी करून बसलों. खालीं आल्यावर सौ.नें नेहमींचा प्रश्न केला. वही उघडून मीं लिहिलें: "११.५ पर्यंत पाहिलें; दिसला नाहीं."