धुऱ्याखालची अक्षरं

भाचीने मोबाइल माझ्या हातात दिला. "मामाजी, आधी पूर्ण पाहा, मंग बोला." मी अकराव्या सेकंदालाच बोललो.

"हे नाव कोणी तोडलं?"

काळ्या पडद्यावर बारीक पांढरी अक्षरं एकेक करून उजळत होती. ओ. मग रिकामी जागा. ळ. पुन्हा रिकामी जागा. मग र आणि व. म्हणजे होता तो ख, पण त्याचा खालचा सांधा इतका पुसट की मोबाइलवर दिसतच नव्हता. सिनेमाचं नाव 'ओळख', वाचलं जात होतं 'ओ ळ रव'.

"असंच राहते आजकाल," ती म्हणाली. "इंग्रजी पिक्चरच्या ट्रेलरमध्ये पाहा ना, अक्षरं कशी दूर दूर राहतात."

मंडईच्या जत्रेसाठी मी किरनापूरला बहिणीकडे गेलो होतो. गोंदियाहून निघालं की रजेगावपाशी वाघ नदीचा पूल लागतो, आणि पूल ओलांडला की पाट्यांवरचा ळ संपतो. बाकी फारसं काही बदलत नाही. त्याच धानाच्या बांध्या, तीच दिवाळीनंतरची मंडई, सोयरिकी दोन्ही काठांवर. १८६७ साली बालाघाट जिल्हा केला तेव्हा भंडाऱ्याचाही एक तुकडा त्यात गेला. पुढे १९५६ मध्ये नागपूर-भंडारा मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. म्हणून माझी भाची शाळेत हिंदी शिकली, तिची आजी झाडीकडची बोली बोलते, आणि भाची माझ्याशी बोलताना दोन्हींच्या मधून वाट काढते.

कॉलेजात तिला प्रकल्प होता. कॉलेजातल्या पोरापोरीच्या प्रेमकथेचा दोन मिनिटांच्या आतला ट्रेलर करायचा, आणि नावाची अक्षरं अशीच का, शॉट असेच का, यावर चार पानं लिहायची. ट्रेलर झाला होता, चार पानं अडली होती. मी गोंदियात फ्लेक्सच्या दुकानात बसतो, त्याआधी वीस वर्षं ब्रशने पाट्या रंगवल्या. घरात अक्षरांचा विषय निघाला की मला पुढे करतात. सिनेमाचं माझं ज्ञान प्रेक्षकाचंच, पण ते मी तिला सांगितलं नाही.

अक्षरांवर मात्र मी सुटलो. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात. त्यांच्यामधली जागा वाढवली की ती रुबाबदार दिसतात, म्हणून परदेशी ट्रेलरांत ती चाल फार. आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबकळतात. ॲपमध्ये अंतर वाढवलं की ती रेघच तुटते, आणि डोळा शब्द सोडून तुकडे वाचू लागतो. ख तर पहिल्यापासून दगाबाज. जुन्या वळणाने लिहिला तर माणसाचा 'खाना' झाला की माणूस 'रवाना' झाला ते कळत नसे. त्याचा पाय पुढच्या दांडीला नेऊन जोडतात तो याचसाठी.

झाडीपट्टीच्या नाटकांचे कापडी फलक मी पुष्कळ रंगवले. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं, दिवाळीनंतर हंगाम सुरू, गावोगाव मंडई नाहीतर बैलांचा शंकरपट आणि रात्री नाटक. त्या फलकावरचं नाव बैलांनी उडवलेल्या धुळीतूनही वाचता आलं पाहिजे, एवढीच अट. पिवळं अंग, लाल सावली, काळी कड. त्यात देखणेपणा कमी, आरडाओरडा जास्त, हे मी कबूल करतो. मुंबईत कमल शेडगे यांनी हेच काम फार वरच्या पायरीवर नेलं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसतं नाव पाहून नाटक रडवणार की हसवणार याचा अंदाज यावा अशी अक्षरं ते काढत. २०२० साली ते गेले तेव्हा आमच्या दुकानात ती बातमी दोनदा वाचणारा मी एकटाच होतो.

"पण मामाजी, हे नाव तुमच्याशिवाय इथं कोणी बरोबर म्हणतच नाही," भाची म्हणाली.

खरं होतं. झाडीबोलीत ळ नाहीच. डोळ्याला डोरा, काळ्याला कारा. तिची आजी 'ओरख' म्हणते. वर्गातल्या हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणी 'ओलख' वाचतात. नावाच्या बरोब्बर मध्ये बसलेलं अक्षर त्या घरात पाहुण्याच्याच जिभेवर होतं. मी म्हटलं, मग 'ओरख' ठेव, तेच खरं तुमचं. ती म्हणाली, "मंग सर चुकीचं लिहिलं म्हणून मार्क कापतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ट्रेलर पुढे सरकला. मध्ये मध्ये मजकुराच्या पट्ट्या. एकीवर लिहिलं होतं, 'लोक बघतात.' मी लगेच ल पकडला. हा हिंदी वळणाचा ल, आपला पाकळीचा. महाराष्ट्र सरकारने तर २००९ साली निर्णय काढून आपला ल आणि श कसा काढायचा ते ठरवून दिलं आहे. भाचीने शांतपणे ऐकून घेतलं. "मामाजी, मी पहिलीपासून असाच ल काढते. पाटीवर असाच शिकवला." मला आठवलं, नदीच्या या बाजूला महाराष्ट्र सरकारचा निर्णय लागू नाही. ल तसाच राहिला. तो तिचाच होता, आणि आता मला वाटतं की त्या सबंध ट्रेलरात तिचं स्वतःचं असं पहिलं अक्षर तेच होतं.

मग शॉट. हे मी कागद घेऊन मोजले, कारण मोजल्याशिवाय बोलणं म्हणजे नुसतं मत. एक मिनिट बावन्न सेकंदांत एकेचाळीस शॉट, त्यांत सव्वीस चेहऱ्याजवळचे. मुलीचे डोळे, मुलाचा कान, कानामागचा घाम, ओठ, वहीवरचं बोट. आणि प्रत्येकाच्या मागे सगळं धूसर. मोबाइलमध्ये बटण दाबलं की मागचं पुसून टाकतो, तसलं. बाजाराचा रंगीत चिखल झाला होता, बस उभी होती तिथे फक्त लाल ठिपका. बालाघाट सिनेमात आला तर जंगल म्हणून येतो. २०२१ च्या 'शेरनी'चं काही चित्रीकरण याच जिल्ह्यातल्या रानात झालं. इथली वस्ती, चौक, चहाची टपरी कोणी दाखवत नाही, आणि इथल्याच पोरीने हातात कॅमेरा आल्यावर तेच पुसलं.

"तुझी पट्टी म्हणते लोक बघतात," मी म्हटलं. "कुठं आहेत लोक? एकेचाळीस शॉटमध्ये एक तरी माणूस बघताना दाखव मले."

ती काही बोलली नाही. मी आणखी चढलो. 'सैराट' काढला. नागराज मंजुळे यांनी करमाळ्याकडची विहीर, ट्रॅक्टर, गावातली रस्त्यावरची माणसं कशी उघड्यावर ठेवली, आर्ची बुलेटवरून येते तेव्हा तिच्यामागे गाव दिसतं म्हणून ती आर्ची वाटते, वगैरे. मागे गाव नसेल तर पोरगा आणि पोरगी कोणाला भितात? मग त्यांनी सरळ लग्न करावं आणि ट्रेलर तिथेच संपवावा.

मग मला एक गोष्ट दिसली आणि मी फारच खूश झालो. मुलगा आणि मुलगी एकेचाळीस शॉटमध्ये एकदाही एका चौकटीत नव्हते. ती डावीकडे पाहते, कट, तो उजवीकडे पाहतो. ती हसते, कट, तो मान खाली घालतो. मी म्हटलं, हे मात्र तू फार विचारपूर्वक केलंस. दोघांना जवळ येऊच द्यायचं नाही, प्रेक्षकाने त्यांना मनातच एकत्र आणायचं. रशियात शंभर वर्षांपूर्वी कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने हाच प्रयोग केला होता. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, त्यापुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, कधी सुंदर बाई. आणि लोकांना वाटलं की नट दर वेळी वेगळा अभिनय करतोय. हे लिही, अर्धं पान यातच भरेल.

भाची हसायला लागली. इतकी की बहीण स्वयंपाकघरातून डोकावली.

"तिच्या बाबांनी सांगितलं होतं, पोराबरोबर एका फोटोत यायचं नाही. तरच पाठवतो. तिचं शूटिंग सोमवारी केलं, त्याचं गुरुवारी. ती डावीकडे पाहते ना, तिथं तिची आई उभी आहे. छत्री धरून."

"आणि मागचं धूसर?"

"बाजारातल्या लोकांना दिसलं की प्रेमाचं पिक्चर आहे, तर म्हणतील आमचा फोटो काहून घेतला. एका काकांनी विचारलं पण. म्हणून सगळं पुसलं. मले बी गाव दाखवाचं होतं, मामाजी."

मी मोजणीचा कागद घडी करून खिशात ठेवला. मघापासून जिला मी फॅशन म्हणत होतो ती परवानगी होती. लोक खरोखरच बघत होते, इतके बघत होते की त्यांना चौकटीत घेण्याची सोय राहिली नव्हती. चार पानांचं खरं उत्तर हेच, आणि ते लिहिता न येण्यासारखं.

रात्रभर तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मागचे लोक दाखवायचे नाहीत, पण ते बघतात हे दाखवायचं. सकाळी चहाला ओसरीवर बसलो. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कापलेल्या बांध्या, धानाचे पुंजणे रचलेले. दूर दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून दोघं जण चालली होती. कोण ते ओळखू येत नव्हतं, पण आम्ही दोघंही, मी आणि भाचीचे वडील, ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांना कुठे जायचंय, बरोबर का आहेत, सगळा विचार करून झाला. दाजी म्हणाले, "कोणाची असतीन?" मी कप ठेवला आणि भाचीला उठवलं.

कॅमेरा बघणाऱ्याच्या जागेवर ठेवायचा. म्हणजे बघणारा चौकटीत यायचं कारणच नाही. टपरीवरच्या बरण्यांच्या मधून. बसच्या खिडकीच्या गजांतून. पुंजण्याच्या आडून. आणि ती दोघं लांब, बोटाएवढी, स्पष्ट, मागचं पुढचं काहीही न पुसता. इतक्या लांबून चेहरा कळत नाही, तेव्हा नायिकेच्या बाबांनाही हरकत नाही. फक्त नायिका येणार नव्हती.

"मीच चालते," भाची म्हणाली. "तिची ओढणी आहे माझ्याकडे."

दुपारी आम्ही तीन शॉट घेतले. टपरीवाल्याने बरण्या सरकवून दिल्या आणि वर विचारलं, यात टपरीचं नाव येईल का. बसचा शॉट फसला, कंडक्टरने भलत्याच क्षणी दार आपटलं. तिसरा धुऱ्यावरचा. नायक झालेला वर्गमित्र पुढे, भाची पंधरा-वीस हात मागे, कारण गावात तसंच चालतात. मी पुंजण्यामागे मोबाइल धरून उकिडवा बसलो. वीस सेकंदांत काहीच घडत नाही. तो एकदा थांबतो, चप्पल झटकतो. ती पण थांबते, पण जवळ येत नाही. मग दोघं पुन्हा चालायला लागतात. मी आजवर पाहिलेल्या प्रेमाच्या सीनमध्ये एवढी धाकधूक मला झाली नव्हती, अर्थात त्यातली थोडी गुडघ्यांची असेल.

नावावरून मात्र आमचं पुन्हा भांडण झालं. मी जाड शाईच्या पेनाने कागदावर 'ओळख' काढून दिलं, सलग रेघ, ख चा पाय भक्कम. तिने त्याचा फोटो घेतला, वरची रेघ ॲपमध्ये खोडून टाकली, आणि उरलेली अक्षरं धुऱ्याच्या शॉटवर अशी ठेवली की धुराच त्यांची रेघ झाला. ओ, ळ, ख धुऱ्याखाली लोंबत होते आणि वरून दोघं चालत होती. मी म्हटलं, धुरा वाकडा आहे, रेघ सरळ पाहिजे, वीस वर्षं मी चुन्याची दोरी मारून रेघ सरळ केली आहे. ती म्हणाली, "इथं धुरे असेच राहतात." ळ थोडा खाली उतरला होता, ख वर चढला होता. वाचता मात्र येत होतं. लांबून, मोबाइल ओसरीच्या खांबाला टेकवून मी तीनदा पाहिलं, दर वेळी आलं.

संध्याकाळी नवा ट्रेलर सगळ्यांनी पाहिला. दाजींना टपरी ओळखू आली, त्यांचं समाधान झालं. आजीच्या हातात मोबाइल दिला. तिला लिहिता-वाचता येत नाही, नावाची अक्षरं तिच्यासाठी रेघोट्याच. ती पडदा डोळ्यांजवळ नेऊन जवळचे चेहरे नुसते सरकू देत होती. धुऱ्याचा शॉट आला आणि तिने बोट टेकवलं. बोट लागल्याने चित्र थांबलं.

"हे तं आपली पोट्टी होय," ती म्हणाली. "चालते पाहा ना कशी, टाच घासत."

"आजी, तिच्या तोंडाचं काहीच दिसत नाही," भाची घाईघाईने म्हणाली.

"तोंड कायले पायजे?"

बहिणीने हात पुसत मोबाइल घेतला, चित्र पुन्हा चालू केलं आणि शेवटपर्यंत पाहिलं. मग आणखी एकदा मागे नेलं.

"आणि हा पुढं चालते तो कोण?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या चहात साखर विरघळली की नाही ते बघत होतो.