यानंतर काय वाचू?

‘‘झालं हे वाचून. आता यानंतर काय वाचू?’’ देवघेवीच्या टेबलावर पुस्तक ठेवत वाचक विचारतो. ग्रंथपालाच्या कामात वर्गीकरण आहे, दाखल रजिस्टर आहे, अनुदानाचे कागद आहेत, तपासणी आहे. हे सगळं मी मन लावून करते. पण माझी खरी परीक्षा या प्रश्नाच्या उत्तरात असते, कारण त्या उत्तरावर तो माणूस पुढच्या आठवड्यात येणार की नाही हे ठरतं.

आमचं सार्वजनिक वाचनालय नागपूरच्या कळमन्यात, बाजार समितीच्या यार्डापासून जवळ. ग्रंथालयांच्या अ, ब, क, ड या उतरंडीत आमचा वर्ग ‘ड’. पहाटेचे लिलाव आटोपले की दुपारी मापारी, हमाल, अडत्यांकडचे दिवाणजी येतात. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची मुलं, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, आणि मिरचीच्या हंगामात देठ खुडायला जाणाऱ्या बाया. प्रत्येकाचा एक ठरलेला फळा असतो. एकाचा रहस्यकथांचा, एकीचा सामाजिक कादंबऱ्यांचा, एकाचा फक्त शिवकाळाचा. त्या फळ्यावरची पुस्तकं संपत आली की वाचक अस्वस्थ होतो आणि तेव्हा तो प्रश्न येतो.

या कामात मला एक रीत सापडली आहे. वाचकाला त्याच्या आवडीपासून तोडून ‘चांगलं’ काहीतरी हातात द्यायचं नाही. त्याच्या आवडत्या पुस्तकातला एक धागा तसाच ठेवायचा आणि साहित्यप्रकार बदलायचा. धागा विषयाचा असेल, माणसांचा असेल, बोलीचा असेल किंवा नुसत्या सांगण्याच्या ढंगाचा. तो ओळखीचा राहिला की वाचक परक्या प्रांतातही निर्धास्त चालतो.

रहस्यकथेचं उदाहरण देते, कारण बाजारात तिचे वाचक सगळ्यात जास्त. बाबुराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक या दोघांनीही हजाराच्या वर रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. ट्रकची वाट बघत बसलेल्या माणसाला रात्र काढायला याहून सोबत चांगली नाही, आणि ज्यांना या पुस्तकांचं हसू येतं त्यांच्याशी माझं जमत नाही. लाखो मराठी माणसांना सलग वाचायची सवय या लेखकांनी लावली. त्यांच्यानंतर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी हातात देणं सोपं असतं. उत्कंठा तीच, फक्त भीती बाहेरच्या गल्लीतून घरात आणि घरातून मनात शिरते. तिथून जी. ए. कुलकर्णींच्या ‘काजळमाया’पर्यंतही काही वाचक पोहोचतात.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटणारं पाऊल वेगळ्या दिशेचं आहे. नाईकांची पुस्तकं संपवलेल्या एका मापाऱ्याला मी लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ दिलं. चोर, पोलीस, झडती, कोठडी सगळं त्याच्या ओळखीचं. पण इथे चोर स्वतः सांगतो आहे. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांतल्या एका घरातलं पोर. पोलिसांचा मार सोसूनही तोंड उघडू नये म्हणून लहानपणीच मार खायची सवय लावणारी माणसं, मध्यरात्री झोपडीवर पडणारे छापे, आणि या सगळ्यात लातूरकडच्या धनेगावच्या शाळेत जाणारा मुलगा. हे आत्मकथन १९८७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मापारी भाऊंनी पुस्तक परत आणलं तेव्हा एवढंच म्हणाले, ‘‘ताई, त्या दुसऱ्या पुस्तकांत चोराले घरच नसते. याच्यात माय हाय, आजा हाय.’’ रहस्यकथेची रचना इतक्या नेमकेपणी सांगणारं वाक्य मी समीक्षेत वाचलेलं नाही. ते अजूनही नाईक वाचतात, आवडीने वाचतात. पण आता त्यांना त्या कथांत काय आहे आणि काय नाही, दोन्ही दिसतं. वेगवेगळं वाचायचं ते याचसाठी. नव्या पुस्तकाने जुन्या आवडत्या पुस्तकावर उजेड पडतो.

विनोदाकडे वळते, कारण तिथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. ‘‘काहीतरी हलकंफुलकं द्या’’ म्हणणाऱ्याला आपण विनोदी पुस्तकांच्या फळ्याकडे पाठवतो. तिथे पु. ल. असतात, चिं. वि. जोशी असतात, मिरासदार असतात. ही मोठीच श्रीमंती आहे. विदर्भाचा तर या फळ्यावर पहिला हक्क. मराठी विनोदी लेखनाचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरात १८७१ साली जन्मले, जळगाव जामोदला वकिली करत राहिले, आणि त्यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधल्या बंडूनाना-पांडूतात्यांनी आपल्या रूढींची यथेच्छ थट्टा केली. याच कोल्हटकरांनी नाटकं लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या, आत्मवृत्तही लिहिलं. त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी विनोद लिहिताना ‘बाळकराम’, कविता लिहिताना ‘गोविंदाग्रज’, आणि ‘एकच प्याला’सारखी काळीज चिरणारी शोकांतिका लिहिताना गडकरी. इथून तासाभराच्या वाटेवरच्या सावनेरला, १९१९ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. लेखकच जर एका फळ्यावर मावत नसेल तर वाचकाने का मावावं? गडकऱ्यांचा एक विनोदी लेख, मग चार कविता, मग एक नाटक: एकाच माणसाचा हात धरून तीन प्रांत हिंडता येतात.

मराठीतला अस्सल विनोद मात्र पुष्कळदा विनोदी फळ्यावर सापडतच नाही. तो आठवणींच्या पुस्तकांत दडलेला असतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आमच्याकडे वर्गीकरणानुसार आत्मचरित्रांत आहेत, आणि ‘आत्मचरित्र’ हा शब्द ऐकूनच हसू शोधणारा वाचक मागे फिरतो. म्हणून मी त्याला फळ्याचं नाव न सांगता पुस्तकच देते. सोवळ्याने पछाडलेले वडील, बाजारातून आलेलं मीठ-साखरसुद्धा धुऊन घेणारे! त्या घरात वाढलेली मुलगी हे सांगताना रडतही नाही, चिडतही नाही. ती हसते आणि आपल्यालाही हसवते, आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं. या पुस्तकाचं आमच्या भागाशी नातंही आहे. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात बुटी घराण्याकडे होते. पुढे ते राजनांदगावला निघाले, तेव्हा आगगाडीत एका मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली आणि तिथून त्यांच्या मनात ख्रिस्ती धर्माचा विचार सुरू झाला. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाड्या आजही कळमन्यावरून जातात. ही गोष्ट सांगितली की रेल्वेतले काका पुस्तक उघडतातच. नवऱ्याने १८९५ साली धर्म बदलला आणि बाई एका रात्रीत उघड्यावर पडली. तो भाग वाचताना विनोदी पुस्तक मागायला आलेला वाचक कुठल्या कुठे येऊन पोहोचलेला असतो. त्याला कुणी ओढत आणलेलं नसतं. बाईंच्या आवाजावर विश्वास ठेवून तो आपल्या पायांनी आलेला असतो.

पु. ल. वाचून झालेल्यांना मी याच हिशेबाने सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ देते. घर तेच, सांगणारी व्यक्ती दुसरी. काहींना ते खुपतं. खुपू दे. ‘‘मॅडम, भाईंबद्दल असं लिहावं का?’’ असं विचारणाऱ्याशी झालेली चर्चा ही माझ्या मते त्या दिवसाची सर्वांत चांगली देवघेव असते.

ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीचे वाचक मात्र फार निष्ठावान. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘मृत्युंजय’, ‘पानिपत’ यांच्याभोवती त्यांची प्रदक्षिणा चालू असते. त्यांच्यासाठी माझ्याकडे विष्णुभट गोडसे आहेत. वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी म्हणून उत्तरेकडे निघाला आणि थेट १८५७च्या धामधुमीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. त्याचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापला. तलवार न चालवलेल्या, भुकेलेल्या, घाबरलेल्या माणसाने पाहिलेलं युद्ध त्यात आहे. कादंबरीत घोड्यावरून दिसणारा इतिहास इथे जमिनीवरून दिसतो. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं अडतात. तिथे धीर द्यावा लागतो.

धीर देण्यावरून एक व्यवहारातली सूचना. पुस्तक निवडताना मुखपृष्ठ आणि पहिलं पान यांवर विसंबू नये. यार्डात धान्य घेणारा पोत्याच्या पोटात नळी खुपसून मधले दाणे तळहातावर घेतो, तसं पुस्तक मधेच उघडावं, उभ्याउभ्या दोन पानं वाचावीत, एखादा संवाद ऐकू येतो का ते पाहावं. नाही आला तर ठेवून द्यावं. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल आमच्याकडे कुणी जाब विचारत नाही. उलट कुठे सोडलं ते मी मुद्दाम विचारते, कारण त्यातून पुढचं पुस्तक मला कळतं.

काहीजण सरळ म्हणतात, ‘‘मले हेच आवडते, मी हेच वाचीन.’’ त्यांचं म्हणणं मी मान देऊन ऐकते. दिवसभर पोती उचललेल्या माणसाला वाचनात विसावा हवा असेल तर तो त्याचा अधिकार आहे, आणि वाचनाला औषधाचा डोस करून टाकणाऱ्यांनी मराठीतले वाचक कमीच केले आहेत. तरीही दुसरं पुस्तक त्याच्या नजरेला पडेल एवढी व्यवस्था करणं माझं काम आहे. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला तिसरा पुस्तकाच्या बाजूचा आहे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. त्यासाठी आम्ही केलं ते अगदी साधं. परत आलेली पुस्तकं लगेच आपापल्या जागी न लावता टेबलाशेजारच्या एका फळ्यावर ठेवतो. तिथे नारळीकरांच्या विज्ञानकथेला खेटून वि. आ. बुवा असतात, चितमपल्लींच्या ‘चकवाचांदण’शेजारी ‘बटाट्याची चाळ’. दुसऱ्या कुणीतरी नुकतंच वाचलेलं पुस्तक, एवढीच त्याची ओळख. लोकांचा हात सर्वांत आधी तिथेच जातो.

बायांच्या वाचनाबद्दल थोडं. कादंबरी म्हणजे शहरातल्या शिकलेल्या घरांची गोष्ट, असं त्यांतल्या अनेकींना वाटत होतं. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने ते पुसलं. १९६० सालची ही कादंबरी, तिच्यातली कौतिक आणि तिचा संसार अमरावतीकडचा, माणसं बोलतात ती वऱ्हाडी. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. संवाद आले की वाचणारीचा आवाज आपोआप घरच्यासारखा व्हायचा. ‘‘हे तं आपलंच बोलनं हाय, पुस्तकात कसं आलं?’’ असं एकीने विचारलं. या धाग्यावर पुढे सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’ गेलं आणि मग, बोली सोडून पण बाईचा धागा धरून, नागपूरच्या आशा बगेंची ‘भूमी’. कुमुद पावडेंचं ‘अंतःस्फोट’ त्यांनी स्वतःहून मागितलं. दलित घरातली नागपूरची मुलगी संस्कृत शिकते आणि संस्कृतची प्राध्यापक होते, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं.

अनेक प्रकार एकत्र वाचायची सवय मराठी माणसाला दिवाळी अंकाने लावली, आणि याचं श्रेय आपण पुरेसं देत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, कविता, विनोद, व्यक्तिचित्र, आठवणी एकाच वेष्टनात घरी येऊ लागल्या. विनोदासाठी ‘आवाज’ घेतला तरी आत गंभीर कथा भेटते. ‘धनंजय’ गूढकथेसाठी उघडला तरी मधेच एखादा लेख थांबवतो. वाचनालयाची दिवाळी अंक योजना सुरू झाली की मी परत आलेला प्रत्येक अंक चाळते. कोणती पानं मळली, कुठे कोपरा दुमडला, कुठे चहाचा डाग पडला. त्या माणसाला पुढे वर्षभर काय द्यायचं त्याचा पत्ता मला तिथे लागतो. स्वतःची आवड सांगता न येणाऱ्या वाचकाचीही बोटं ती सांगून जातात.

दिवाळीच्या आधी नागपुरात पुस्तकांचा आणखी एक सण होतो. १९५६च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात. पुस्तकांच्या दुकानांसमोर इतकी दाटी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. कळमन्यातले आमचे अनेक सभासद तिथून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे शासनाने छापलेले खंड आणतात. खंड जड असतात, वैचारिक असतात, आणि पहिल्यांदाच घेणारा तरुण कधी कधी मधेच अडतो. त्याला मी सांगते की हे खंड ज्यांनी संपादित केले, त्या वसंत मून यांनी स्वतःच्या बालपणावर ‘वस्ती’ नावाचं पुस्तक लिहिलं आहे. १९९५चं. नागपूरचीच वस्ती, तिथले आखाडे, पोरांच्या टोळ्या, सभा, मिरवणुका, उपासमार आणि दांडगी मौज. दुःखाची जंत्री असेल असं समजून तो ते उघडतो आणि आत त्याला आपल्या मोहल्ल्यातली माणसं धावताना दिसतात. ज्या चळवळीचे विचार खंडांत आहेत, ती चळवळ रस्त्यावर कशी उभी राहिली हे कळलं की तो खंडांकडे परत जातो, आणि या वेळी अडत नाही. आमच्याकडे ‘वस्ती’ची एकच प्रत होती आणि तिच्यासाठी कायम नंबर लागलेले असायचे. यंदाच्या खरेदीत दुसरी घेतली आहे.