साहेब घरी आले

हिंजवडीतल्या कंपन्यांनी २०२०च्या मार्चमध्ये लॅपटॉप घरी पाठवले, तेव्हा खडूस मॅनेजरपासून सुटका झाली असं पुष्कळांना वाटलं. मलाही वाटलं. खुर्चीमागे येऊन उभं राहणं थांबलं. सहाला बॅग उचलली की ‘आज हाफ डे का?’ हा टोमणा थांबला. साहेबांचा आवाज चढला तर हेडफोनचा कमी करता येऊ लागला. हे सुख खोटं नव्हतं.

पण ऑफिसात बोलणी खाल्ली की टपरी होती. कुणीतरी कटिंग पुढे सरकवत म्हणायचं, “सोड रे, काल माझीही अशीच काढली त्यानं.” तेवढ्यानं अर्धा भार उतरायचा. खोट आपल्या कामात नाही, त्याच्या स्वभावात आहे, हे कळायचं. घरी कॉल संपतो आणि खोलीत आपण एकटेच. दोन महिने असे गेले की आपणच नालायक असू, हे पटायला लागतं. घरून कामाचा खरा फायदा वाईट मॅनेजरला झाला तो इथे. त्यानं कुणाकुणाला काय सुनावलं, हे कुणालाच कळेनासं झालं.

घरच्यांना मात्र सगळं कळतं. पूर्वी अपमान हिंजवडीतच राहायचा. आता हॉलमध्ये भाजी निवडणारी आई “हो सर, सॉरी सर” ऐकते. जेवताना ती काही विचारत नाही, न मागता पानात पोळी वाढते. मॅनेजरच्या ओरडण्यापेक्षा ती पोळी गिळणं जड जातं.

शिवाय घरी असलेला माणूस कधीही सापडतो, असं गृहीत धरलं जातं. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून रात्री अकराचा “क्विक कॉल” चालूच आहे.

असे साहेब लिहिताना फार गोड असतात. विष सगळं फोनवर. तेव्हा फोन ठेवल्याबरोबर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून दोन ओळींची मेल टाका. आणि टीममधल्या एखाद्याला सहज फोन करून विचारा, तुझं कसं चाललंय? कंपनीच्या चॅटवर नको, स्वतःच्या मोबाइलवरून. चॅट कंपनीला वाचता येतं.