गुळाचा खडा आणि छातीतली धूळ

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "डॉक्टर, इंटरल्युकिन-बिंटरल्युकिन नको. आमचा वाचक मांडीवर फराळाची ताटली घेऊन वाचतो." मी हो म्हणालो. शब्द कितपत पाळता येतो, बघू.

विषय डोक्यात घोळत होता तो एका पेशंटमुळे. सोलापूरच्या पूर्व भागातला, टॉवेलच्या लूमवर काम करणारा. वय 51. विडी नाही, तंबाखू नाही, शुगर नाही. खोकल्यासाठी सहा वर्षं माझ्याकडे यायचा. या जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरलेली असताना, पहाटे हार्ट अटॅकनं गेला. पंधरा दिवसांनी मुलगा आला. "साहेब, धुळीनं झालं म्हणून लिहून द्या की ओ."

त्याच्या वडिलांच्या थुंकीची काचपट्टी मी पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या, फिकट पेशी आणि त्यांच्या पोटात काळे कण, कडक भाकरीवर काळे तीळ थापावेत तसे. या पेशी म्हणजे फुप्फुसातले सफाई कामगार. आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाडीचा. त्याहून जाड कचरा नाकातच अडतो. श्वासनलिकेत पोचलेला कण तिथले बारीक केस वर ढकलतात आणि आपण तो खाकरून टाकतो. अडीच मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेट वायुकोशांत उतरू शकतो. तिथे झाडू मारणारे केस नाहीत. तिथला कण मॅक्रोफेजनं गिळायचा.

जंतू गिळला तर तो पचतो. काजळी पचत नाही, धातूचे कण तर नाहीच. घास अडकलेली पेशी मग हाकाटी करते, म्हणजे रसायनं सोडते. त्यातल्या एकाचं नाव (संपादकसाहेब, एकदाच!) इंटरल्युकिन-6. ते रक्तातून यकृतापर्यंत जातं. यकृताला वाटतं, शरीरात कुठेतरी जखम किंवा संसर्ग झालाय. मग ते सीआरपी आणि फायब्रिनोजेन ही प्रथिनं जास्त बनवू लागतं. रक्त गोठायला फायब्रिनोजेनची गरज असते. खरी जखम असेल तर हा उपकारच. पण जखम नाही, नुसती धूळ आहे आणि ती रोज येते. अशात हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटला, तर गुठळी धरायला सगळी तयारी आधीच झालेली असते. अँथनी सीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली 'लॅन्सेट'मध्ये साधारण हीच कल्पना मांडली. 2008च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगनं कारखाने आणि वाहनं आवरली, तेव्हा 125 निरोगी तरुणांचं रक्त तपासलं गेलं. गुठळीशी संबंधित काही घटक हवा सुधारल्यावर उतरले आणि स्पर्धा संपून हवा बिघडल्यावर पुन्हा चढले. माणसं तीच, शहर तेच.

या सगळ्याला आम्ही 'इन्फ्लमेशन' म्हणतो आणि मराठीत अडखळतो. 'सूज' म्हटलं की पेशंट पाय दाबून दाखवतो, "कुठाय सूज?" 'दाह' म्हटलं की अ‍ॅसिडिटीची गोळी मागतो. करोनानंतर तर घरोघरी सीआरपीचे रिपोर्ट फिरतात. "डॉक्टर, माझा सीआरपी बारा, प्रदूषणानं ना?" अहो, तो किडक्या दाढेनंही वाढतो.

आता गूळ. लेख भरकटला तरी चालेल, पण हे मी लिहिणारच. धुळीत काम करणाऱ्यांनी सुटताना गुळाचा खडा खावा, धूळ निघून जाते, हे गिरण्यांच्या काळापासून इथे पक्कं बसलेलं आहे. तरुणपणी मी हसायचो. जेवण अन्ननलिकेतून जातं, धूळ श्वासनलिकेतून, गूळ तिला भेटणार कुठे? मग एकदा 1994 सालचा एक शोधनिबंध हाती पडला. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या साहू आणि सक्सेना यांचा. त्यांनी उंदरांच्या फुप्फुसात कोळशाची आणि सिलिकाची धूळ सोडून त्यांना गूळ दिला होता. गूळ खाल्लेल्या उंदरांत कण फुप्फुसातून जास्त प्रमाणात हलले. माझं हसणं थांबलं. गूळवाल्यांनी मात्र पुढचं वाचलं नाही. कण हलून गेले कुठे? श्वासनलिकेजवळच्या लसिका-ग्रंथींत. म्हणजे सामान बाहेरच्या खोलीतून माजघरात नेलं, घराबाहेर नाही. ते चांगलं की वाईट, हे उंदीर सांगत नाही.

कण नेमके जातात कुठे, यावर आमच्या क्षेत्रात पुष्कळ भांडणं झाली आहेत. 2002 साली बेल्जियममध्ये किरणोत्सारी खूण लावलेले कार्बनचे सूक्ष्म कण माणसांना हुंगवले आणि खूण मिनिटाभरात रक्तात दिसली. पुढे टीका झाली, की रक्तात आली ती सुटी झालेली खूण, कण फुप्फुसातच होते. 2017 मध्ये एडिंबरोच्या गटानं सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरले. सोनं तीन महिन्यांनंतरही रक्तात आणि लघवीत सापडत होतं, आणि मानेच्या धमनीतून शस्त्रक्रियेनं काढलेल्या थरांतही. म्हणजे दाहाचा निरोप रक्तात जातोच, काही कण स्वतःही जातात. सोन्याचे गेले म्हणून काजळीचे तितकेच जातात असं मात्र मी म्हणणार नाही. मी गूळवाला नाही.

लोकांना प्रदूषण म्हटलं की दिल्ली आठवते, फार तर फताटेवाडीच्या वीजकेंद्राची चिमणी. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरही आहे, हे सांगितलं की भुवया उंचावतात. पीएम 10 साठी आपली वार्षिक मर्यादा 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 15. आणि हे मोजमाप रस्त्यावरच्या हवेचं. पत्र्याच्या शेडमध्ये लूम धडधडत असताना कापसाचे तंतू आणि धूळ उडते, तिचा आकडा त्यात येत नाही. विड्या वळणाऱ्या बाईच्या सुपातली तंबाखूची भुकटीही नाही.

तर मुलानं मागितलेली चिठ्ठी. कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. त्याची ओळख जुनी आहे: सुटीनंतर कामावर गेलं, की पहिल्या दिवशी छाती आवळते. कापसावरच्या जिवाणूंचं विष हे त्याचं मोठं कारण, आणि कामाला लागतात त्याच मॅक्रोफेज पेशी. हार्ट अटॅक मात्र त्या यादीत नाही. हजारो माणसांचा हिशोब मांडला की धुळीचा हात स्पष्ट दिसतो. एका माणसाच्या बाबतीत मला शपथेवर सांगता येत नाही. मी लिहिलं, "धुळीचा वाटा असू शकतो." आठ दिवसांनी मुलगा कागद परत घेऊन आला. "साहेब, 'असू शकतो' चालत नाही म्हणतात."

मी दुसरं काही लिहून दिलं नाही. बरोबर केलं, असं अजूनही वाटतं. त्याच्याकडे बघायला मात्र जड गेलं. तो वडिलांच्याच शेडमध्ये लागलाय. त्याला श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकायला लावलं. आकडा ठीक आला. म्हटलं, "असा नाही कळायचा. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी कामावर जायच्या आधी ये आणि पाळी संपल्यावर परत ये. दोन्ही वेळचं फुंकणं ताडून बघू."

"त्या दिवशी नाही जमणार साहेब," तो म्हणाला. "सुटीनंतर निम्मे येतच नाहीत. मालक दोन माणसांचे लूम एकालाच बघायला लावतो."