कपात मावणारं डुक्कर... फक्त पहिले काही दिवस!

इंग्लंडमधल्या डेव्हनला जा, मिनी पिगचं पिल्लू मांडीवर घ्या, फोटो काढा, क्रीम टी हाणा. पण 'एक घेऊन टाकू या का?' असा किडा डोक्यात वळवळला, तर आधी हा हिशेब वाचा.

गुलाबी नाक, इवलेसे खूर, अंगावर काळे ठिपके आणि डोळ्यांत 'मला उचल ना' असा भाव! मिनी पिगचं पिल्लू बघून ज्याच्या तोंडून 'सो क्यूट' निघत नाही, तो माणूस एकतर अप्रेझलच्या टेन्शनमध्ये असणार, नाहीतर तुमचा बॉस असणार. आपल्याकडे डुक्कर म्हटलं की नाल्याकाठी फिरणारं काळं धूड डोळ्यांसमोर येतं. साहेबाच्या देशात मात्र २००९ च्या आसपास हाच प्राणी एकदम फॅशनमध्ये आला. चहाच्या कपात बसवलेल्या पिल्लाचे फोटो पेपरांत झळकले आणि त्यांना नावही पडलं, 'टीकप पिग'. हॅरी पॉटरच्या सिनेमांतला रॉन, म्हणजे रुपर्ट ग्रिंट, त्याच्या घरी ही पिल्लं आल्याच्या बातम्या आल्या. तिकडे अमेरिकेत पॅरिस हिल्टननेही एक घेतलं. मग काय, ब्रिटनमध्ये एका पिल्लाला सातशे पाउंडांपर्यंत भाव गेला. तेव्हाच्या हिशेबाने साधारण पन्नास हजार रुपये!

या सगळ्या कौतुकाचं मूळ गाव बघायचं असेल, तर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे, डेव्हनला जायला हवं.

समुद्राला खेटून जाणारी गाडी

ऑनसाइटला गेलेली आपली मंडळी लंडन, स्लाव, रेडिंगच्या पट्ट्यात बरीच असतात. त्यांच्यासाठी हा वीकेंड अगदी सोपा. पॅडिंग्टनहून प्लिमथकडे जाणारी गाडी पकडायची आणि साधारण तीन तासांनी टॉटनेसला उतरायचं. डाव्या बाजूची खिडकी मात्र सोडू नका. एक्सेटर गेलं की आधी खाडी लागते आणि मग डॉलिशला गाडी थेट समुद्राच्या भिंतीवरून धावते. एका बाजूला लाल कडे, दुसऱ्या बाजूला लाटा. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात इथली भिंत कोसळली होती, रूळ अक्षरशः हवेत लोंबकळत होते. दोन महिन्यांत लाइन पुन्हा सुरू झाली. मान गये बॉस!

टॉटनेसहून बकफास्टलीला जायला सीझनमध्ये वाफेच्या इंजिनाची गाडी असते. डार्ट नदीच्या काठाकाठाने, आरामात. बकफास्टलीच्या बाहेर, डार्टमूरच्या पायथ्याशी पेनीवेल फार्म आहे. इथल्या ख्रिस मरी यांनी वर्षानुवर्षं लहान चणीची डुकरं निवडून, त्यांच्या पिढ्या वाढवून ही मिनी पिग्ज तयार केली. तिकीट काढायचं, आत जायचं, पिल्लू मांडीवर घ्यायचं. पोटावर खाजवलं की ते आडवं होतं आणि घोरायलाच लागतं. सगळा शिणवटा खल्लास!

आणि नेमकं इथेच माणूस फसतो. कारण मांडीवरचं पिल्लू काही आठवड्यांचं असतं. तुम्ही ज्याच्याशी संसार करणार, तो प्राणी अजून यायचा असतो.

मिनी म्हणजे किती मिनी?

खरं म्हणजे कुठल्याही डुकराचं नवजात पिल्लू दीडेक किलोचं, तळहातावर मावणारंच असतं. शेतावरचं साधं डुक्कर पुढे दोनशे-अडीचशे किलोंच्या वर जातं. त्याच्यासमोर पूर्ण वाढलेलं तीस ते सत्तर किलोंचं डुक्कर 'मिनी'च म्हणायचं. म्हणजे जातवान, खरीखुरी मिनी पिगसुद्धा लॅब्रॅडॉरएवढी किंवा त्याहून जड! शिवाय हा प्राणी तीन-चार वर्षांपर्यंत वाढत राहतो. विकणारा 'हे बघा आईबाप, केवढेसे आहेत' म्हणून दाखवतो खरा, पण डुकरं काही महिन्यांची असतानाच पिल्लं घालू शकतात. तुम्ही बघता ते आईबाप स्वतःच अजून वाढीला लागलेले असू शकतात. आहे की नाही गंमत?

दोन किस्से ऐका. हॉलिवूडचा हँडसम हंक जॉर्ज क्लूनी याच्याकडे मॅक्स नावाचं पॉटबेली जातीचं डुक्कर होतं. २००६ मध्ये ते गेलं तेव्हा त्याचं वय होतं अठरा आणि वजन शंभर किलोंच्या वर. दुसरी एस्थर. कॅनडातल्या स्टीव्ह जेन्किन्सने २०१२ मध्ये तिला मिनी पिग समजून घरी आणलं. एस्थर निघाली शेतावरची साधी डुकरीण! वाढता वाढता साडेसहाशे पौंडांवर, म्हणजे जवळजवळ तीनशे किलोंवर गेली. स्टीव्ह आणि त्याचा जोडीदार डेरेक यांनी तिला टाकलं नाही. शेवटी तिच्यासाठी त्यांनी शेत घेतलं आणि तिथे इतर प्राण्यांसाठीही आसरा उभा केला. २०२३ मध्ये एस्थर गेली तेव्हा जगभर लोक हळहळले. पण पाळीव प्राण्यासाठी घर बदलून थेट शेत घेणारे किती जण असतात?

खरकट्याची महागडी गोष्ट

डेव्हनमध्ये फिरताना सगळीकडे हिरवं पोस्टकार्ड दिसतं. टेकड्या, कुंपणाच्या झाडोऱ्याच्या रांगा, निवांत चरणारी गुरं. पण २००१ मध्ये याच शेतांवर मेलेल्या जनावरांचे ढीग जळत होते. आपल्या गावाकडे ज्याला लाळ्या-खुरकूत म्हणतात, ती साथ त्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पसरली. तिचं मूळ सापडलं उत्तरेकडच्या नॉर्थम्बरलंडमधल्या एका डुकरांच्या शेतावर. तिथे हॉटेलांतलं खरकटं नीट न उकळता डुकरांना घातलं जात होतं. साथ आटोक्यात यायला शरद ऋतू उजाडला. तोवर साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. सर्वांत जास्त मार बसला त्या काउंट्यांमध्ये डेव्हन होतं. पायवाटा बंद, पर्यटक गायब, सार्वत्रिक निवडणूकसुद्धा महिनाभर पुढे ढकललेली.

त्या वर्षापासून ब्रिटनमध्ये डुकराला खरकटं घालणं हा गुन्हा आहे. स्वयंपाकघरातून गेलेली भाजीची सालंसुद्धा चालत नाहीत. तुम्ही म्हणाल, 'आम्ही शुद्ध शाकाहारी!' सॉरी, वरणावर तूप घेता ना? मग नाही चालणार. घरात दूध, अंडं, लोणी काहीच येत नसेल, म्हणजे स्वयंपाकघर पूर्ण व्हेगन असेल, तरच सूट. थोडक्यात, 'उरलंसुरलं खाऊन राहील' हा आपला पहिला बचतीचा फंडा तिथेच बाद!

आणि कायद्याच्या लेखी तुमच्या सोफ्यावर लोळणारं डुक्कर हे पाळीव लाडोबा नाहीच, ते शेतीचं जनावर. एक असो की शंभर, नियम तेच. आधी जागेचा नोंदणी क्रमांक घ्या. डुक्कर आणल्यावर तीस दिवसांत त्याची सरकारदरबारी नोंद करा. एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचं तर ओळखखूण आणि हलवण्याची कागदपत्रं. नवं डुक्कर आलं की वीस दिवस तिथलं कुठलंच डुक्कर बाहेर हलवायचं नाही. कुत्र्यासारखं पट्टा लावून फिरवायचंय? त्यालाही लायसन्स! रस्ता आधी मंजूर करून घ्यायचा, कागद खिशात ठेवायचा आणि दर वर्षी रिन्यू करायचा. वाटेत फास्ट फूडचं दुकान असेल तर नकार येऊ शकतो, कारण कुणी टाकलेला बर्गर साहेबांनी हुंगला तर पुन्हा तीच भीती.

हे सगळं ऐकून हसू येतं खरं. पण आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये आपल्या आसामपर्यंत पोचला, हे आठवलं की हसू जरा आवरतं.

बिल कुणाच्या नावावर?

आता वहीत मांडू या.

खरेदी : एकटं डुक्कर झुरतं, त्याला कळप लागतो. म्हणजे पिल्लं दोन आणि पहिलाच आकडा डबल.

जागा : फ्लॅट विसरा. कोरडी, पेंढा घातलेली निवाऱ्याची जागा, भक्कम कुंपण आणि उन्हाळ्यात लोळायला चिखल हवा. घाम गाळून अंग थंड करणं डुकराला जमत नाही आणि गोऱ्या कातडीला ऊन लागून ती भाजते. सनस्क्रीनचा खर्चही धरा!

लॉन : होतं, असं म्हणा. नाकाने जमीन उकरणं हा त्याचा स्वभाव आहे, खोड नव्हे.

खाणं : मिनी पिगसाठीचं वेगळं खाद्य, रोज, मोजून. 'लहान राहावं' म्हणून उपाशी ठेवणं हा निव्वळ छळ.

डॉक्टर : कुत्र्या-मांजरांचे बरेच डॉक्टर डुक्कर बघत नाहीत. खूर कापणं, नराचे सुळे, नसबंदी, लसी... प्रत्येकाचं बिल वेगळं. मादीची शस्त्रक्रिया केली नाही, तर दर एकवीस दिवसांनी ती माजावर येऊन घर डोक्यावर घेणार.

सुट्टी : तुम्ही गोव्याला निघालात, तर सत्तर किलोंच्या बाळाला शेजारच्या काकू सांभाळतील?

आणि हे सगळं गुणिले पंधरा वर्षं. तेवढ्यात तुमच्या चार नोकऱ्या, तीन घरं आणि एक लग्न होऊन जाईल!

म्हणजे सातशे पाउंड ही नुसती एंट्री फी. पुढचं बिल ज्यांना झेपत नाही, त्यांचं डुक्कर दुसऱ्याच्या दारात जातं. ब्रिटन-अमेरिकेतल्या प्राणी-आश्रमांत अशी 'मिनी' म्हणून घेतलेली आणि मोठी झाल्यावर नकोशी झालेली डुकरं येत राहतात. त्यांची चूक एवढीच, की ती वाढली.

तेव्हा मित्रांनो, डेव्हनला जरूर जा. बकफास्टलीची वाफेची गाडी आणि फार्म, दोन्हींच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात, त्या आधी बघून घ्या. गमबूट न्या, कारण पाऊस कधीही येतो. पिल्लाला पोटभर खाजवा. मग गावात स्कोन मागवा आणि लक्षात ठेवा, डेव्हनमध्ये आधी क्रीम, वर जॅम. उलटं केलंत तर शेजारच्या कॉर्नवॉलचे समजतील! सगळा खर्च धरूनसुद्धा हा मिनी पिगचा सर्वांत स्वस्त सौदा आहे. निघताना ते पिल्लू त्याच्या आईजवळ परत ठेवायचं, एवढंच.