तिसरा चोर

जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकाने २००१ साली अंधाराची एक मोजपट्टी काढली. एक म्हणजे काळंकुट्ट आकाश, नऊ म्हणजे भर शहर. माझी पुण्यातली गच्ची आठ आणि नऊच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. कृत्तिकेतले चार तारे मोजले की मी स्वतःची पाठ थोपटून घेतो.

मुंबईची खगोल मंडळाची मंडळी वर्षानुवर्षं वांगणीला जातात. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातल्या पहिल्या 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला, पण पुण्याहून ते म्हणजे जवळजवळ पूर्ण महाराष्ट्र ओलांडणं. शनिवार-रविवारात कसं बसवणार? मग एका रात्री (ऑफिसचा कॉल म्यूटवर टाकून, खोटं कशाला बोला) उपग्रहावरून काढलेला प्रकाश-प्रदूषणाचा नकाशा उघडला. छत्रपती संभाजीनगर लालभडक. जालना, स्टीलच्या कारखान्यांसकट, दुसरा लाल ठिपका. तिथून पूर्वेला सरकलो तर रंग उतरत उतरत मंठा तालुक्यात चांगलाच गडद निळा झाला. आणि त्या निळ्यात कोण? माझा मामा! लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ज्या गच्चीवर झोपायचो, तीच माझी डार्क साईट.

१७ जानेवारी २०२६, शनिवार. दुसऱ्या दिवशी पौष अमावास्या. दुर्बीण, ट्रायपॉड, बॅटरीवर लावायला लाल जिलेटिन, सगळा लवाजमा घेऊन तीनशे किलोमीटर जालना, पुढे तासा-दीड तासाचा रस्ता. पोचलो, गच्चीवर चढलो, आणि च्यायला... समोर चौकात हायमास्ट! गच्चीवर वर्तमानपत्र वाचता आलं असतं.

मी कुरकुरलो. मामी भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "तो लागल्यापासून पोरगी शेवटच्या एस्टीनं एकटी येतीय. आधी मामाला फाट्यावर जावं लागायचं." मी गप जेवलो.

"अंधार पाहिजे तर शेतात चल," मामा म्हणाले. "ह्या आठवड्यात रात्रीचीच लाईट आहे. दहाला येती. गव्हाला पाणी द्यायचंय."

गावापासून दोन किलोमीटर असेल. विहिरीजवळ मोटारसायकल थांबली, दिवा विझला, आणि पहिली पाच मिनिटं मला काहीच दिसेना. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात हे वाचलेलं असतं, पण पुण्यात तेवढा अंधार मिळतो कुठे! मग हळूहळू एकेक उघडायला लागलं. व्याध, त्याच्याखाली दक्षिणेला अगस्त्य, पुनर्वसूशेजारी व्याधापेक्षाही तेजस्वी गुरू. कृत्तिकेत नुसत्या डोळ्यांनी सात. मृग आणि पुनर्वसूच्या मधून हिवाळ्यातली फिकट आकाशगंगा, जी मी आजवर फक्त स्टेलारियममध्ये पाहिली होती. पश्चिमेला क्षितिजाशी जालन्याची तांबूस झाक होती. माझ्या हिशेबानं बॉर्टल तीन-चार.

एवढ्यात फाडकन डोळ्यांवर पांढरा झोत.

"मामा, बॅटरी बंद करा ना! वीस मिनिटं वाया गेली."

"बंद करून चालू कसा? परवा ह्याच बांधावर घोणस होती."

काय बोलणार? मी जिलेटिन पुढे केलं. मामांनी ते बॅटरीला लावलं, पायाशी झोत टाकून पाहिला, आणि परत दिलं. "ह्यात साप दिसंना." मग लाईट यायला अवकाश होता म्हणून बॅटरी विझवून माझ्याशेजारी बसले. ईशान्येकडे बोट करून म्हणाले, "म्हातारीची खाट आली बघ. दोन चोर निघालेत. तिसरा वर आला की अकरा. आमच्या आज्याकडं घड्याळ कुठलं?"

खाट म्हणजे सप्तर्षींचा चौकोन, चोर म्हणजे शेपटीतले तीन तारे. सगळ्यात शेवटचा मरीची. तो धुरकट क्षितिजातून सुटला तेव्हा मी स्क्रीनवर हात धरून मोबाईल पाहिला. अकरा वाजून आठ मिनिटं. दर महिन्याला ही वेळ दोन तास मागे सरकते. तोही हिशेब मामांना तोंडपाठ होता. मामा मात्र तोवर उठून गेले होते. मोटार चालू होती, आणि पांढरा झोत एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकत होता. मी पुन्हा काही म्हटलं नाही. पाठ फिरवून बसलो.

पहाटे पाचला दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी सापडला. लंडनहून तो कधीच उगवत नाही. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा, कोटीभर ताऱ्यांचा गोळा, दुर्बिणीत फुंकर मारलेल्या पिठासारखा. मामांना हाक मारली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात खोरं. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"रोज इथंच असतो हा, मामा?"

"असंल. आम्ही खाली बघून चालतो."

सहाला लाईट गेली, मोटार थांबली. मामा चूळ भरत म्हणाले, "सौर पंपाचा अर्ज टाकलाय. नंबर लागला तर पाणी दिवसाच. मग पुढच्या पौषात तू एकटाच बस इथं." आणि जाता जाता बॅटरी माझ्या हातात दिली, "ही मात्र चालू ठेव."